चार नंबरचा चुंबक

त्या मंगळवारी दुपारी जळबाला एका जागी बसवेना. जेवणाच्या डब्याचे झाकण त्याने उघडले आणि तसेच लावून टाकले. खिडक्या उघडल्या, मग त्यांतली एक पुन्हा बंद केली. कोरडे टेबल दुसऱ्यांदा पुसले.

हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या एका फाट्याजवळील माध्यमिक शाळेत तो एकतीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होता. स्वतः दहावीच्या गणितात अडकलेला; परंतु कोणत्या कपाटाच्या कितव्या खणात काय आहे, हे तो डोळे मिटून सांगे. भिंगे मऊ फडक्यात, प्रत्येकावर नाभीय अंतराची चिठ्ठी. चुंबक जोडीजोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे, टोकांना लोखंडी पट्ट्या लावून. नाहीतर त्यांची शक्ती उतरते. त्याची बायको चतुराबाई म्हणे, "शाळंतली टाचणी सापडते तुमाला. घरातला मिठाचा डबा कुठं हाये, ते सांगा बरं एकडाव!" तेवढे मात्र जळबाला ठाऊक नव्हते.

आज सकाळी दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा झाली होती. प्रयोग साधा होता. कागदावर पट्टीचुंबक ठेवायचा, लहान होकायंत्र त्याच्याभोवती फिरवायचे, सुईचे टोक जिकडे वळेल तिकडे बाण काढायचा आणि बाण जोडून बलरेषा पुऱ्या करायच्या. चार नंबरच्या टेबलावर चार लेकरे होती. त्यांतली कोमल, शेजारच्या वस्तीवरची, मध्येच उभी राहिली.

"मॅडम, सुई 'उ' च्या आत घुसून राहिली. बाहेर जाऊनच न्हाई राहिली."

विज्ञानाच्या शहनाज मॅडम सहा टेबले एकटीने सांभाळत होत्या. "बेटा, उत्तर ध्रुवातून रेषा बाहेर पडतात. पुस्तकात पाहिलंस ना?"

"पाहिलं. पन सुई तसं करत न्हाई."

"मग तू होकायंत्र उलटं वाचतेस," असे म्हणून मॅडम जळबाकडे वळल्या. "जळबामामा, चुंबक ठीक आहे ना?"

"बराबर हाये, मॅडम. माझ्या हातचा हाये."

त्याने चुंबकाकडे पाहिलेसुद्धा नव्हते. कोमलने मात्र दिसले तसेच बाण काढले. दहापैकी तिला तीन गुण पडले. त्याच टेबलावरच्या उरलेल्या तिघांना नऊ-नऊ. बाहेर पडताना त्या तिघांतला रुद्र तिला म्हणाला, "तुह्या चुंबकानं सासर बदललं वाटते!" सगळे हसले. कोमल हसली नाही. दारात थांबून तिने जळबाकडे एकदा पाहिले आणि ती निघून गेली.

ते पाहणे जळबाला घास गिळू देत नव्हते.

'माझ्या हातचा' हे शब्द खरे होते, आणि नेमकी त्याचीच त्याला धास्ती होती. परीक्षा येणार, सामान जुनाट दिसू नये, म्हणून दिवाळीच्या सुटीत त्याने बाराही चुंबकांचा पोपडे आलेला रंग कानशीने खरवडला होता. सगळे उत्तर ध्रुव खिडकीकडे करून त्यांची सरळ रांग ट्रेमध्ये मांडली आणि ट्रे व्हरांड्यात ठेवला. तेवढ्यात वावटळ उठली. धूळ बसू नये म्हणून त्याने ट्रे घाईने उचलला, तो कलला, आणि दोन-तीन चुंबक खटाखट एकमेकांना चिकटले. ते सोडवून त्याने आठवेल तसे पुन्हा रांगेत लावले. मग खिडकीकडची टोके लाल आणि दुसरी निळी रंगवून त्यांवर पांढऱ्या रंगात 'उ' आणि 'द' लिहिले. रंग वाळल्यावर प्रत्येकाजवळ सुई नेऊन पाहायला पाच मिनिटे लागली असती. परंतु रांग इतकी सुबक दिसत होती, की शंका घ्यावी असे त्याला वाटलेच नाही.

आता त्याने वस्तू टांगायच्या लाकडी घोडीला दोरा बांधला आणि चार नंबरच्या टेबलावरचा चुंबक मधोमध टांगला. चुंबक गरगरला, डुलला, सावकाश स्थिर झाला. लाल टोक हिंगोलीकडे.

जळबाने घोडी लोखंडी कपाटापासून दूर, खिडकीपाशी नेली. लाल टोक पुन्हा हिंगोलीकडेच वळले. त्याने चुंबकाला मुद्दाम बोटाने उलट फिरवून सोडले. गिरक्या घेऊन तो परत तिथेच आला. मोकळा टांगलेला चुंबक उत्तर ध्रुवाने उत्तर दाखवतो, आणि उत्तरेला वाशिम आहे, हिंगोली नव्हे. उरलेले अकरा त्याने एकेक करून टांगले. त्या सगळ्यांची लाल टोके वाशिमकडे वळली.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. गुणपत्रके घेऊन मॅडम चारच्या बसने हिंगोलीला जाणार होत्या. एकदा ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत पोचली, की कोमलचे तीन गुण कायमचे.

लाल रंगाचा डबा कपाटात होता. ब्रश धुतलेला होता. टोकांचे रंग बदलून टाकायचे, दहा मिनिटांचे काम. कोणाला कळलेही नसते. महिनाअखेरीस त्याची निवृत्ती होती, आणि त्याच्या नावावर एकतीस वर्षांत एकही तक्रार नव्हती. त्याने डबा काढला, झाकण उचकटले. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो ब्रश हातात धरून येरझाऱ्या घालू लागला. पोरीला बोर्डाच्या पेपरात भरून काढता येईल, असे त्याने मनाशी म्हणून पाहिले. मग तिच्या टेबलावरचे ते तिघे त्याला आठवले. सुई त्यांनाही तेच सांगत होती, आणि तिघांनीही पुस्तकातले बाण काढले होते. जे दिसले ते लिहिणारी एकच, आणि तिलाच आपण खोटे पाडले.

त्याने झाकण दाबून बसवले. घोडी काखेत मारली, चुंबक व होकायंत्र खिशात घातले आणि प्रयोगशाळेला कुलूप न लावताच तो फाट्याकडे निघाला. चालणे जमेना, तेव्हा पळाला.

बस उभी होती. मॅडमचा एक पाय पायरीवर होता. बाकावर दप्तर मांडीवर घेऊन कोमल वस्तीकडच्या जीपची वाट पाहत बसली होती.

"मॅडम, उतरा! चुंबक उलटा हाये."

"काय उलटं?"

"रंग. मीच लावला. पोरीचं बराबर हाये."

कंडक्टर ओरडला, "मामा, ताजा रंग लावायचा का बसला? चला, टाइम झाला!"

"तुम्ही व्हा पुढं," मॅडम म्हणाल्या. बस धूळ उडवीत गेली.

तिघे रस्त्यापासून दूर, कडुलिंबाखाली गेले. जळबाने घोडी उभी करून चुंबक दोऱ्यापाशी धरला. गाठ कोमलने मारली. लाल टोक झुलत झुलत हिंगोलीकडे थांबले. होकायंत्राची सुई जवळ नेताच तिचे उत्तर टोक सरळ 'उ' कडे झेपावले.

मॅडमनी होकायंत्र घेऊन स्वतः एकदा फिरवून पाहिले. "मी एकदा स्वतः पाहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग गुणपत्रक गुडघ्यावर ठेवून त्यांनी कोमलचे तीन गुण खोडले, तिथे दहा लिहिले आणि बाजूला सही केली. "त्या तिघांना उद्या सकाळी बोलवा, मामा. प्रयोग पुन्हा होईल. आणि चूक कोणाची, ते मला मुख्याध्यापकांना कळवावं लागेल."

"कळवा. नाव माझंच घाला."

कोमल अजून चुंबकाकडेच पाहत होती. "मामा, सकाळी तुमी न बघताच बराबर हाये काहून म्हनले?"

जळबापाशी कारणे होती. घाई होती, मॅडम कामात होत्या, रांग सरळ होती. ती त्याने बाजूला सारली.

"मला वाटलं, माझ्या हातचं चुकत न्हाई," तो म्हणाला.

दुरून जीपचा हॉर्न ऐकू आला. कोमलने दप्तर खांद्याला लावले, बोटाने चुंबकाला जोराची गिरकी दिली आणि तो कुठे थांबतो ते दिसेपर्यंत जीपवाल्याला हाताने थोपवून धरले.