झाकणाची आतली बाजू

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या चहाच्या दुकानात ते गृहस्थ मला रोज सकाळी दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. शहरातल्या दारूच्या भट्टीत लाकडी पिंपं बांधायचं त्यांचं काम, आजोबांपासून चालत आलेलं. अंगाला मोहाच्या दारूचा वास कायमचा. बाकावर बसण्याआधी ते बोटांच्या पेरांनी लाकूड वाजवून बघायचे. आवाज पसंत पडला तरच बसायचे, नाहीतर चहा उभ्यानेच.

ग्वाल्हेर संस्थान तेव्हा नुकतंच मध्य भारतात विलीन झालं होतं. भट्टीतल्या प्रत्येक पिंपाच्या झाकणावर दरबारचा शिक्का डागलेला होता. तो तासून काढायचा हुकूम सुटला होता.

मी उगाच डिवचलं, "काय हो, आजोबांनी डागलेले शिक्के नातवाने तासले म्हणायचे!"

त्यांनी बशी खाली ठेवली. "तासतो कशाला? आमचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले. आजोबांनी ती ठेवून रंधा धरला, पण मान नाही खाली घातली. मी तर एकेक झाकण काढलं आणि उलटं बसवून दिलं. बाहेरची बाजू एकदम कोरी. साहेबलोक खूश होऊन गेले."

"आणि शिक्का?"

"तो आत गेला. आता बाहेर पाहिजे त्याचं नाव लिहा म्हणावं. दारू मुरणार ती आमच्याच शिक्क्याला टेकून!"

मी हसत जयेंद्रगंजातल्या माझ्या कचेरीत आलो. दारावर नव्या राज्याची लाकडी पाटी लागली होती. आत जाताना मी ती बोटांच्या पेरांनी हळूच वाजवून बघितली.