काचेवरचं कुंकू

शिवऱ्याला हायवेलगत आमची शेड आहे. तिथं खिडक्या बनतात म्हटलं की लोक घराच्या खिडक्यांचा भाव विचारतात. आमची खिडकी असते बशीएवढी, गोल, स्टीलच्या कड्यात पक्की बसवलेली. प्रयोगशाळेतल्या पोलादी भांड्यातली सगळी हवा पंपानं ओढून घेतात आणि आत काय चाललंय ते या खिडकीतून बघतात. आत काहीच नाही, बाहेरून मात्र हवा काचेवर सारखी रेटत असते. काच निर्दोष असेल तर वर्षानुवर्षं सोसते. नसेल तर एखाद्या दिवशी बघणाऱ्याच्या तोंडासमोर फुटते.

निर्दोष कोणती, हे आमच्याकडं रत्नाकाकू ठरवतात.

सतरा वर्षांपूर्वी आंबवड्याच्या एका लग्नघरात बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकू दुसऱ्यांच्या निवडून झालेल्या सुपांतून खडे काढून दाखवत होत्या, आणि बायकांच्या शिव्या खात होत्या. आमच्या सोनबाशेठनी ते पाहिलं आणि त्यांना कामावर घेतलं. अजूनही काचेत दोष दिसला की काकू 'खडा लागला' म्हणतात. उजव्या अंगठ्याचं तेवढं नख वाढवलेलं. बॅटरी तिरकी धरायची, नख काठावरून फिरवायचं, अडलं की काच बाद.

"रत्नाबाई, एवढ्याशा रेघेनं काय हुतंय?" शेठ एकदा वैतागले होते.

"शेठ, काच लगीच न्हाई फुटत," काकू म्हणाल्या. "ती डूख धरती."

मी धनाजी, पॅकिंगला असतो. खोक्याची चिकटपट्टी वाकडी लागली तरी काकू ती सोलून परत लावायला लावतात. खरं सांगतो, मला त्यांचा राग यायचा. एवढं सोवळं कशाला पाळायचं, असं वाटायचं.

त्यांची लेक प्रेरणा पुण्यात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकते. यंदा तिच्या प्रयोगशाळेनं आमच्याकडनंच खिडकी मागवली. काकूंनी ती काच तीनदा तपासली, आणि त्या दिवशी जेवताना मला आपल्या डब्यातली चटणी दिली. यावरून काय ते समजा.

खंडेनवमीला आम्ही लेथला, पान्यांना, हातोड्यांना हळदकुंकू लावतो. तयार मालाच्या खोक्यांनाही लावतो. यंदा खोकी वेळेवर आली नाहीत. तपासून, कागदावर सही होऊन पाच खिडक्या पाटावर उघड्याच होत्या. काकू हळदकुंकू लावत आल्या आणि हाताच्या सवयीनं पाचही काचांना काठाशी बोट टेकवून गेल्या. त्यातल्या प्रेरणाच्या काचेवर जरा जास्तच टेकलं असेल.

मग दचकल्या. ज्या बाईनं सतरा वर्षं कुणाला काचेजवळ शिंकू दिलं नाही, तिनंच काचेला कुंकू लावलं होतं. शेठ नारळ घेऊन येतच होते. काकूंनी प्रेरणाची काच घाईनं पदरानं पुसली आणि मला हळूच म्हणाल्या, "बाकीच्या चार तू पूस. स्पिरिट लाव, ओलं कापड घे. कोरडं फडकं लावलंस तर बघ."

दसरा झाला, खोकी आली, मी माल भरला, टेम्पो गेला. काकूंनी त्या काचांवर पुन्हा बॅटरी मारली नाही. सही झालेली होती, आणि स्वतःच्या हातावर कोण संशय घेतो?

दिवाळीनंतर एका दुपारी प्रेरणाचा फोन आला. काकूंचे हात कामात असले की मोबाईल स्पीकरवर असतो, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"आई, तुझ्या काचेसमोर बसलेय बघ. काठाला बारीक लाल ठिपका राहिलाय. मी लगेच ओळखलं, दसऱ्याचं कुंकू!" पोरगी हसत होती.

काकू हसल्या नाहीत. "ठिपक्याशी रेघ हाय का? बॅटरी तिरकी धर."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आहे गं. बोटभर आहे."

"आधी बाजूला हो. मग पंप बंद कर. आधी बाजूला हो!"

काकूंचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

चार दिवसांनी ती काच परत आली. आमच्याकडं कुरुंदाच्या पुडीनं काचेच्या कडा घासतात, ती पूड हवेत उडते, कपड्यांवर बसते आणि काचेपेक्षा कडक असते. तीच काकूंच्या पदरात होती. रेघ काठापासून निघून मध्याकडं चालली होती.

काकू काच घेऊन सरळ शेठकडं गेल्या. "खडा लागला, शेठ. म्या पुसली व्हती, पदरानं. माजीच चूक."

शेठनी काच हातात घेतली. "आन् बाकीच्या चार?"

"त्या धनाजीनं पुसल्या. ओल्या कापडानं. म्या बजावलं व्हतं."

शेठनी माझ्याकडं पाहिलं. खंडेनवमीच्या दिवशी मला नसरापूरची एसटी गाठायची होती. स्पिरिटची बाटली आतल्या कपाटात होती आणि टॉवेल खांद्यावर. कडा घासायच्या टेबलावर दिवसभर पडलेला, कोरडा टॉवेल.

"व्हय शेठ," मी म्हणालो. "वल्या कापडानं."

काकूंनी मान डोलावली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्याची मला आजही लाज वाटते. त्या चारही काचांचे पत्ते माझ्याच हातचे, मला पाठ होते. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, नसेल पडली रेघ.

एकोणीस दिवस असे गेले. आज सकाळी अकराला पॅकिंगच्या टेबलावरचा फोन वाजला. लांबच्या एका प्रयोगशाळेतून कुणी बाई बोलत होत्या. मागं पंपाची घरघर चालू होती.

"तुमची खिडकी छान आहे हो," त्या म्हणाल्या. "फक्त काचेवर एक केस चिकटलाय. इतका पुसला तरी निघत नाही. अगदी जवळून बघतेय मी. कशानं पुसायचा?"

पलीकडच्या टेबलावर काकू बॅटरी तिरकी धरून काच बघत होत्या.

"ताई," मी म्हणालो, आणि आवाज ओरडल्यासारखाच निघाला, "आधी बाजूला व्हा!"

काकूंच्या हातातली बॅटरी थांबली. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडं, मग माझ्या खांद्यावरच्या टॉवेलकडं. त्यांना सगळं कळलं.

फोनमध्ये पंपाची घरघर तशीच चालू होती. बाई काही बोलेनात.