एकही नाव नसलेली वही

“पाठ फिरवा.”

दर घरापुढे तिचे पहिले शब्द हेच. आम्ही पाच जण बादल्या, पंप आणि नळ्या घेऊन अंगणात उभे राहायचो आणि ही ठेंगणी, सावळी बाई उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून आम्हा सरकारी माणसांना हुकूम सोडायची. आम्ही निमूट पाठ फिरवायचो. मागे भांड्यांचा आवाज, कोंबड्यांची फडफड, एखाद्या म्हातारीची कुरकुर. मग ती म्हणायची, “आता वळा.” वळून पाहावं तर घरातलं सगळं सामान अंगणात आलेलं असायचं आणि त्या ढिगावर गोधडी अंथरलेली असायची.

तेव्हा मी हिवतापाच्या फवारणी पथकावर होतो. जिवतीकडच्या डोंगरातली गावं आमच्याकडे होती. डीडीटी मारायची तर घर पार रिकामं करावं लागतं. धान्य, मडकी, फाटकी लुगडी, देव, सगळं बाहेर. ही बाई त्याच भागातली, विधवा, पन्नाशीला आलेली. घरात गोंडी, बाजारात तेलुगू आणि आमच्याशी तिची ती मराठी. बायका पुरुषांना आत येऊ देत नाहीत म्हणून तिला आम्ही रोजावर घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मी त्या गोधडीबद्दल हटकलं, तर म्हणाली, “गरिबाचं घर उलटं करून राह्यले तुमी. निदान पाहू तं नका.”

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, गावाचंही नाही. हे शहाणपण मला फार उशिरा आलं.

देवाच्या कोपऱ्यावरून आमचं रोज भांडण व्हायचं. नियमाप्रमाणे चारही भिंतींवर औषध बसलं पाहिजे, आणि लोक देवाच्या भिंतीला हात लावू देत नसत. मी चिडायचो. ती शांतपणे सांगायची, “त्या कोपऱ्यात मच्छर बसत नाई भाऊ. म्या इचारलं.”

“कोणाला विचारलं?”

“मच्छराले.”

पथकातले गडी नळ्या टाकून हसायचे. मी डोक्यात राख घालून वहीत ‘चार भिंती’ लिहायचो आणि तीन फवारायचो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. संस्थान मोडून पाच-सहा वर्षं झाली होती. त्याच्या आधी आणि नंतर त्या डोंगरात जी धामधूम झाली, तिच्याबद्दल मी चांद्यात बरंच ऐकलं होतं. संस्थानाचे बंदूकवाले, मग जंगलात शिरलेले लढणारे, मग फौज. चांद्याच्या वाचनालयात बसून आम्ही त्यावर तावातावाने वाद घालायचो. इथे आल्यावर कळलं, त्या वादातला एकही शब्द इथे चालत नाही. इथले लोक फक्त ‘वरचे’ आणि ‘खालचे’ म्हणत. डोंगरावरून आले ते वरचे, सपाटीवरून आले ते खालचे.

“वरचे आले, म्हणाले भाकर दे. देली,” एका घरातल्या बाईने आम्हाला सांगितलं होतं. “दुसऱ्या रोजी खालचे आले, म्हणाले त्यायले भाकर काऊन देली. गोठा जाळला. मंग वरचे पुन्हा आले, म्हणाले खालच्यायनं तुयं घर काऊन नाई जाळलं, गोठाच काऊन जाळला. तू त्यायची आहेस.” हे ती तांदूळ निवडता निवडता सांगत होती. डीडीटीने खडूसारखे पांढरे झालेले हात घेऊन मी ऐकत राहिलो.

गोष्टी अशाच निघायच्या. घर रिकामं होताना काहीतरी बाहेर येतंच. एका म्हाताऱ्याच्या तंबाखूच्या बटव्याला पितळेचं गुंडं होतं, वर्दीचं बटण. खालच्यांपैकी एक पोरगेलासा शिपाई त्याच्या शेतात पडला होता, पाणी मागत होता. म्हाताऱ्याने पाणी पाजलं. पोरगा मेला. “गुंडं तुटून हातात राह्यलं,” म्हातारा म्हणाला, “फेकू कसं?” आणखी एका घरात एकाने कबूल केलं की मार बसल्यावर त्याने शेजाऱ्याचं नाव खालच्यांना सांगितलं. पुढच्याच घरात शेजाऱ्यानेही तेच कबूल केलं, त्याने याचं नाव वरच्यांना सांगितलं होतं. दोघांचा नांगराचा बैल सामाईक होता. एकाने केलेलं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त तिला, आणि आता मला.

मी वेडाच झालो. ठरवलं, हे सगळं लिहून ठेवायचं. कोण जिंकलं, कोण हरलं हे कुठेतरी छापून येईलच. त्या गोठ्याचं आणि त्या बटणाचं कोण लिहिणार? मी तिला तसं म्हणालो. खरं तर तिच्यापुढे भाषणच ठोकलं.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “लिवा. खरं आहे तं लिवा. पण मले वचन द्या, यातून कोनाचं घर कोनाले सापडणार नाई. लोक माह्या भरवशावर बोलून राह्यले, तुमच्या नाई.”

मी वचन दिलं. आणि पाळलं, असं मला वाटत होतं. हकिकतींसाठी वेगळी जाड वही केली आणि तीत मी एकाही माणसाचं नाव लिहिलं नाही. मोठा अभिमान होता मला त्याचा.

तिचं स्वतःचं घर गावाच्या खालच्या आळीत, चिंचेजवळ. थोडी ज्वारीची शेती आणि ती कसायला एक गडी. चाळिशीचा, मुका वाटावा इतका कमी बोलणारा. तो तिला मालकीणबाई म्हणायचा. ती त्याला ओसरीवर, बाहेर जेवायला वाढायची, जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, वेगळ्या ताटलीत. माझ्यातला सुधारक हे पाहून रोज खवळायचा. एक दिवस मी तिचे कान टोचलेच. “बाई, राबतो तुमच्यासाठी, आणि त्याला कुत्र्यासारखं बाहेर वाढता? शोभतं का?”

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसत राहिली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आम्ही दोघेच होतो. ती हळूच म्हणाली, “माहा भाऊ आहे थो. पाठचा.”

तो वरच्यांबरोबर गेला होता. त्याला बंदूक दिली होती, दोन पावसाळे त्याने ती वाहिली. “चालवली का, ते म्या नाई इचारलं. तुमीबी नका इचारू.” मग एक दिवस तो परतला, हाडांचा सापळा होऊन. दुसऱ्या तालुक्यात त्याच्या नावाचं वॉरंट होतं. बहिणीने त्याला गडी केलं. सारं गाव जाणत होतं आणि सारं गाव गप्प होतं. “आईनं याले माह्या मांडीवर टाकलं होतं. आता माह्या घरात मी याले आत नाई बसवू शकत. रोज बाहेर वाढतो अन् आत येऊन रडतो,” ती म्हणाली. तिकडे बायकाही ‘वाढतो’, ‘रडतो’ असंच बोलतात.

त्या संध्याकाळी मी कंदील लावून तिची हकिकत लिहिली. सबंध वहीतली सर्वांत चांगली पानं तीच उतरली.

मुक्कामाजवळच्या गावात एक अधिकारी राहायचे. कुठल्या खात्याचे ते सोडा. चष्मा, मऊ आवाज, कपाटभर पुस्तकं. त्या रानात माझ्याशी चार शब्द बोलणारे तेवढेच. मी त्यांच्याकडे दर आठवड्याला जायचो, तेही मोठ्या आस्थेने चहा पाजायचे. वहीबद्दल ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले. “अहो, हा खरा इतिहास. वाचायला द्या. दोन दिवसांत परत करतो.” स्तुतीला हपापलेला माणूस किती गाढव असतो, ते माझ्याकडे पाहून ओळखा. मी दिली.

दोन दिवसांचे बारा झाले. वही परत आली ती खाकी कागदाचं कव्हर घालून, आत चिठ्ठी, ‘फार मोलाचे काम’. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली.

त्यानंतर आठवड्याभराने आम्ही उरलेल्या घरांसाठी तिच्याच गावात होतो. सकाळची वेळ. ती एका दारात उभी होती आणि आम्ही पाठ फिरवून अंगणात. त्यामुळे येणारे पोलीस आधी आम्हालाच दिसले. जमादाराच्या हातात कागदाचा चिटोरा होता. त्याने दारावरच्या गेरूच्या आकड्याकडे पाहिलं. फवारणीला घेतलेल्या प्रत्येक घरावर आम्ही आधीच क्रमांक घालत असू.

“हे आकडे तुमचे का?” त्याने मला विचारलं.

“हो.”

“बेचाळीस कुठं आलं?”

“खालच्या आळीत,” मी म्हणालो, “चिंचेजवळ.”

विचारलं की सांगायचं, ही नोकरीची सवय. शब्द तोंडातून गेले आणि मग माझ्या ध्यानात आलं, बेचाळीस म्हणजे तिचं घर. वहीत नावं नव्हती. पण हकिकतीच्या डोक्यावर, प्रत्येक पानावर, मी घराचा क्रमांक घातला होता. मुद्दाम नाही हो. फवारणीच्या नोंदी तशाच ठेवतात, घर अमुक, खोल्या तमुक. माझा हात त्या वळणावर गेला होता आणि महिनाभर मला ते दिसलंही नव्हतं.

मी वळलो. तिने ऐकलं होतं. सामान अजून अर्धं आत होतं, हातात कुणाचं तरी मडकं. ते तिने खाली ठेवलं नाही.

थोड्या वेळाने त्याला आमच्यासमोरून नेलं. हात दोरीने बांधले होते. तो तिच्यासमोर थबकला आणि म्हणाला, “मालकीणबाई, बैलायले पाणी दाखवलं नाई आज.” एवढंच. वहीतलं बिननावाचं नातं पुरावा नव्हता, पण त्याने चारचौघांत बहीण म्हटलं असतं तर लपवल्याबद्दल तिलाही नेलं असतं. तिनेही गड्याला सांगावं तसं सांगितलं, “मी पाहतो. तू जा.”

तो वळणाआड गेल्यावर ती माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही.

“तुमी लिवलं?”

“बाई, मी नाव नाही लिहिलं. शपथ घेतो.”

“मंग घर कसं सापडलं?”

मी दारावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती त्या गेरूकडे पाहत राहिली. तिच्या दारावर मी आकडा घालताना गेरूचा डबा तिनेच धरला होता. “हे दवाईसाठी आहे, असं तुमी सांगतलं होतं,” ती म्हणाली. “लोकायले म्याच तसं सांगतलं.”

त्या दिवशी आणखी तीन घरांत पोलीस गेले. तंबाखूवाल्या म्हाताऱ्याचा बटवा जप्त झाला. शेजाऱ्यांना एकमेकांसमोर उभं करून कोणी काय सांगितलं ते वाचून दाखवलं, आणि पुढल्या हंगामात तो सामाईक बैल विकला गेल्याचं मी ऐकलं.

मी तसाच त्या अधिकाऱ्यांकडे गेलो. तोंडाला येईल ते बोललो. माझा केसाने गळा कापलात, असंही म्हणालो. त्यांनी चहा मागवला. चष्मा पुसत म्हणाले, “मी एकही नाव सांगितलेलं नाही. तुमची वही फक्त पुढे पाठवली.” हेच वाक्य मी सकाळी तिला ऐकवलं होतं. चहा न घेता उठलो, यात काय मोठी मर्दुमकी.

चारेक दिवसांनी ती माझ्या मुक्कामावर आली. उंबऱ्याबाहेरच बसली. तुरुंगात भावाला भेटायचं तर अर्ज हवा होता आणि भेट फक्त रक्ताच्या नात्याला मिळते, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. “इथी दुसरा कोनी लिवणारा असता तं आली नसती,” ती म्हणाली.

“बाई, अर्जात भाऊ म्हटलं तर लपवल्याचा गुन्हा तुमच्यावरही येईल.”

“येऊ द्या. बाहेर लय वाढलं त्याले.”

मी लिहिलं. ती सांगेल तसं, तिच्या क्रमाने. ‘हा माझा सख्खा भाऊ आहे, गडी नाही. मी त्याला खोटं गडी केलं. मला त्याला एकदा समोर बसवून खाऊ घालायचं आहे.’ अंगठा घेतला. माफी मागायची होती, मी तिला अंगठा पुसायला चिंधी दिली. तिने कागद घडी करून कनवटीला लावला आणि ती गेली. आमच्या कामावर ती पुन्हा आली नाही. दुसऱ्या फेरीला मी त्या गावात गेलो तेव्हा तिच्या घराला कडी होती. तिलाही तिकडे तुरुंगातच ठेवून घेतलं, असं एक जण म्हणाला. भाऊ-बहीण सुटून तेलुगू मुलखात गेले, असं दुसरा म्हणाला. मला तोंडावर खरं कोण सांगणार?

पण त्याआधी मी तिला एकदा पाहिलं होतं. अर्ज लिहिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, कोरपन्याच्या बाजारात. मी पथकासाठी दोर घेत होतो. समोर एका शिंप्याच्या ओट्याशी ती उभी होती. तिने तो कागद उघडून शिंप्याच्या हातात दिला होता आणि तो मशीन थांबवून मोठ्याने वाचत होता. प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती. मी एकही अक्षर इकडचं तिकडं केलेलं नव्हतं. वाचून संपलं तसा त्याने कागद पुढे केला.

तिने घेतला नाही.

“याच्याबाहेरचं काई लिवलं आहे का?” तिने विचारलं.

“नाई बाई. एवढंच आहे.”

“मांगच्या बाजूनं पाहा,” ती म्हणाली.

शिंप्याने कागद उलटा केला, कोरी बाजू तिला दाखवली. ती वाकून, अगदी जवळून, बराच वेळ त्या कोऱ्या बाजूकडे पाहत राहिली.