सीताफळवाल्या चाचांच्या वाट्याचा बोरीचा पाला

अख्ख्या बीड जिल्ह्यात लग्नाच्या आमंत्रणाला कायमचा मुकलेला एकच माणूस असेल, तर ते आमचे मांजरसुंब्याच्या फाट्यावरचे सीताफळवाले चाचा. निकाहात काझीसाहेबांनी मेहेर, म्हणजे नवऱ्यानं नवरीला द्यायची रक्कम, वाचली रे वाचली, की मांडवाच्या मागच्या टोकाकडून आवाज यायचा, "मेहर ठरली, बिर्याणी शिजली, पर दोघांचं रगत तपासलं का बे? एड्स काय सांगून येतो का?" नवरदेव सेहऱ्याआड घामाघूम, आणि मुलीचा बाप चाचांना हुडकत सुटलेला. अशी काही लग्नं गाजल्यावर लोकांनी त्यांना बोलवायचंच सोडलं. ट्रकवाल्यांना ते सीताफळांच्या पिशवीत निरोधचं पाकीट फुकट टाकून देतात. एकदा ती पिशवी नेमकी माझ्या सोवळ्या वडिलांच्या हाती पडली. मी तणतणत भांडायला गेलो, तर चाचा शांतपणे म्हणाले, "ठिवा की गुरुजी, त्याला काय कीड लागती व्हय?" वडील तेव्हापासून पेरूच खातात.

हे वेड जन्माचं नव्हे. त्यांचा धाकटा भाऊ ट्रकवर होता, तो ह्याच आजारानं गेला. दफनाआधी मयताला गुसल, म्हणजे अंघोळ, घालायची वेळ आली, तेव्हा सगळी गल्ली दाराबाहेर उभी. आत पाऊल टाकायला कुणी तयार होईना. एकानं कूस वळवायची, दुसऱ्यानं पाणी घालायचं, अशी रीत. चाचांनी दोन्ही एकट्यानं केलं. हातमोजे घातले की भ्यायचं कारण नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते, पण लोक भ्यायचे ते भ्यायलेच. चाचांना बायको-मूल नाही, आणि तेव्हापासून त्यांच्या ओट्यावर चहालाही कुणी टेकत नाही. तरी ते रोज दुपारी दोन ग्लास विसळून ठेवतात. त्यातला दुसरा ग्लास रविवारी मी पितो. एरवी तो पालथाच असतो. मला फार वाईट वाटतं त्याचं.

परवाच्या रविवारी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "गुरुजी, माझ्या गुसलला कोन येईल वो?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

ते खूप हसले. "तुमी न्हाई चालत. तिथं आमच्यातलाच मानूस लागतो. तुमी आपलं पानी तापवा, बोरीचा पाला टाकून. गुसलला तसंच पानी लागतं."

आमच्या परड्यात बोर आहे. काटे टोचतात म्हणून वडील ती तोडायला सांगतात, आणि मी दरवेळी काहीतरी सबब काढतो. पाल्याची सोय झाली, पाणीही मी तापवीन. ते चाचांच्या अंगावर घालणारा माणूस मात्र मला अजून सापडलेला नाही.