वन्संनी जळकोटला जिल्हा केला

आमच्या थोरल्या वन्संइतकं दह्याला मनावर घेणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात झालं नाही, आणि हल्लीचं दूध बघता पुढे होईल असंही वाटत नाही. माझ्या नवऱ्याची ही मोठी बहीण लातुरातच, आमच्या मागच्या गल्लीत दिलेली. यजमानांचं कापडाचं दुकान, स्वभावाने इतके मऊ की गिऱ्हाइकाने कापड फाडायला सांगितलं तरी त्यांना वाईट वाटावं. वन्सं मात्र कपाळभर विभूती, हातभर पाटल्या आणि ठणठणीत आवाज घेऊन जगायच्या. लातूर नुकतं उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झालं होतं. जो तो आपल्या पाटीवरचा पत्ता पुसून ‘जिल्हा लातूर’ रंगवून घेत होता. अंगात आलेल्या या जिल्हेपणातून कुणीतरी दही गोठवून विकायची टूम काढली, आणि बघता बघता लातूरपासून नांदेडपर्यंत दह्याच्या कुल्फीचं पेव फुटलं. ती सगळी दुकानं चाखून त्यांची पायरी ठरवायची हे आपलंच काम आहे, असं वन्संनी परस्पर ठरवलं. एकट्या बाईने कसं फिरायचं, म्हणून जोडीला मी. मी तेव्हा नवी नवरी होते, घरात ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे तोंड उघडत नव्हते. वन्संनी मला त्या तोंडाचा दुसरा उपयोग शिकवला.

त्यांची पायरी ठरवायची रीत सरळ होती. वाईट दही म्हणजे वाडी, बरं म्हणजे गाव, चांगलं म्हणजे तालुका आणि फारच उत्तम असेल तर जिल्हा. पण जिल्हा त्या सहजासहजी देत नसत. “जिल्हा व्हायला लातूरला किती वाट बघावी लागली? ह्याला काय एका चमच्यात देऊ?” त्यांच्या पिशवीत स्वतःचा चांदीचा चमचा असायचा. कुल्फी समोर आली की आधी तिच्यावर चमच्याने टकटक करून कान लावायचा, मग एक घास, मग डोळे मिटायचे. त्या वेळी दुकानदाराने श्वास घेतलेलाही त्यांना खपत नसे. नांदेडला एका पंक्चरवाल्याने दुकानाच्या मागच्या खोलीत फ्रीजर टाकला होता. घास घेऊन वन्संनी डोळे उघडले आणि त्याला म्हणाल्या, “दादा, तुझे टायर ठीक हायेत. दही पंक्चर हाय.” तो बिचारा इतका हसला की पैसे घ्यायचंच विसरला. वन्संनी परत जाऊन दिले आणि तो हसला म्हणून वाडीचं गाव करून आल्या.

धर्माबादला तर कहर झाला. तिकडच्या दुकानदाराने दह्याच्या कुल्फीवर गावची लाल मिरची पेरली होती, आणि वर तेलुगूत “बागुंदा?” म्हणजे ‘छान आहे ना?’ असं विचारत समोर उभा. वन्संच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “बागुंदी रे बाबा, लई बागुंदी! आधी पानी दे!” तालुका दिला, पण दोन दिवस बोलल्या कमी. अर्धापूरला एका न्हाव्याने केळं घातलेलं दही गोठवायला घेतलं होतं आणि बसायला खुर्च्या दाढीच्याच. आम्ही बसताच त्याने सवयीने आमच्या गळ्यांना पांढरं फडकं बांधलं. शेजारच्या खुर्चीवर एक पाटील अर्ध्या दाढीचा फेस घेऊन आमच्याकडे बघत राहिला. वन्संनी आरशात स्वतःला न्याहाळत सगळी कुल्फी खाल्ली आणि म्हणाल्या, “मी खाताना कशी दिसते ते आज कळलं. झकास दिसते!” मी हसता हसता खुर्चीवरून घसरले. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी मोठ्याने हसले होते, आणि तेही न्हाव्याच्या दुकानात.

मग दुष्काळ पडला. विहिरींनी तळ दाखवला, दुधात पाणी घालायलाही पाणी मिळेना, लातूरचा बर्फाचा कारखाना बंद पडला. दुकानांमागून दुकानं फळ्या लावून बसली. अशात कुणीतरी सांगितलं की जळकोटला मन्मथप्पा म्हणून एक म्हातारा आहे, तो अजून हाताने पॉट फिरवून दही गोठवतो. झालं! दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत.

जळकोट तेव्हा तालुकासुद्धा नव्हतं. स्टँडमागे लिंबाखाली मन्मथप्पांचा लाकडी पॉट, भुशात गुंडाळून उदगीरहून आणलेला बर्फ आणि मागे दावणीला एक म्हैस. बरगड्या दिसत होत्या, पण डोळे मोठे पाणीदार. वन्संनी टकटक केली, घास घेतला, डोळे मिटले. ते उघडेचनात. मी घाबरून दंडाला धरून हलवलं तेव्हा हळूच म्हणाल्या, “जिल्हा.” मग उठून उभ्या राहिल्या आणि पानटपरीवरच्या लोकांना ऐकू जाईल असं ओरडल्या, “जळकोट जिल्हा झाला हो!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते कुणालाच कळलं नव्हतं.

मन्मथप्पा मात्र हसले नाहीत. “शेवटचाच पॉट हाय बाई,” ते म्हणाले. “चारा न्हाई, पानी न्हाई. उद्या चंद्रीला बाजारात नेऊन राहिलो.”

“कोण घेईल?”

“ह्या दिवसांत म्हैस कशाला घेतेत, तुमाला ठावं न्हाई का?”

वन्संनी चमचा पुसून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, “विकायची न्हाई. माझ्याकडं ऱ्हाईल. पाऊस पडला की घेऊन जावा.”

लातूरला रिकामा निघालेला एक टेम्पो मिळाला. वन्सं पुढे बसल्या, मागे मी आणि चंद्री. तिने वाटेत माझा पदर चाखून बघितला आणि सोडून दिला. दारात टेम्पो थांबला तेव्हा यजमान मोजपट्टी हातात घेऊनच बाहेर आले.

“तुम्ही कुल्फी खायला गेल्ता ना?”

“हाव. ही कुल्फीच हाय. गोठायची हाय अजून.”

ते मऊ माणूस. कापडाचे गठ्ठे बाजूला करून त्यांनी परसात जागा केली. त्या दुष्काळात वन्संनी अंघोळीच्या पाण्यात काटकसर केली, अर्धापूरच्या न्हाव्याला सांगून चाऱ्याला केळीचे खुंट मागवले, शेजारणींची बोलणी खाल्ली. दूध आटलं होतं, तरी रोज सकाळी पूजा झाली की आधी चंद्रीच्या कपाळाला विभूती लागायची, मग घरातल्यांच्या.

पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं. मन्मथप्पा दावं घेऊन दारात आले, वन्संच्या पाया पडायला थांबले, तर त्या आतूनच म्हणाल्या, “हात पिठाचे हायेत माझे. न्या, न्या.” हाताला पीठ नव्हतं. मी शेजारीच उभी होते. म्हैस गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर गोठवलेल्या दह्याची हौस ओसरली. दुकानं पुन्हा उघडली नाहीत, आणि वन्संनीही विषय काढला नाही. चंद्री व्याल्यावर जळकोटच्या एसटीच्या कंडक्टरने कुल्फीचा एक डबा आणून दिला. मन्मथप्पांनी बर्फात घालून पाठवला होता, पण लातूर येईपर्यंत सगळं वितळून पातळ झालेलं. मी टाकून देणार होते. वन्संनी डबा माझ्या हातातून घेतला, ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि तसाच तोंडाला लावून एक घोट घेतला. डोळे मिटले. आता त्या काय पायरी देतात म्हणून मी वाट बघत राहिले.

डोळे उघडून त्या म्हणाल्या, “म्हैस बरी हाय.”