दगडाच्या पाठीवरची खूण

आमच्या पाथरवटांच्या घरात कौतुक करायची रीतच नव्हती. पोराला चांगलं म्हटलं की त्याचा हात ढिला पडतो, असं आप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे. थोरला भाऊ त्यांच्याच हाताखाली शिकला, पण त्याच्या वाट्याला आलं ते नुसतं खेकसणं.

घडवलेल्या दगडाच्या मागच्या अंगावर, म्हणजे भिंतीत आत जाणाऱ्या बाजूला, प्रत्येक कारागीर आपली खूण कोरायचा. मुकादम त्या खुणा बघून मजुरी द्यायचा. आप्पांची खूण चंद्रकोर होती. शागिर्दाला खूण द्यायची ती उस्तादानंच, आपल्या खुणेखाली एक टिंब काढून. टिंब मिळालं की तो कारागीर. तोवर त्यानं कितीही सफाईनं छन्नी चालवली तरी हजेरी मजुराचीच. दादाचा सगळा जीव त्या टिंबात अडकला होता.

निजामाच्या शेवटच्या दिवसांत तामलवाडीकडं सोलापूरच्या हद्दीवर कस्टमचा नाका बांधायला काढला. तिथं दादानं पहिल्यांदा एक चिरा एकट्यानं घडवला. शेवटी शेवटी छन्नी निसटली आणि एका कोपऱ्याचा टवका उडाला. आप्पांनी कोपरे काटकोनात आहेत का ते बघायला गुण्या लावला, दगडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ठेव बाजूला. हात अजून बसला न्हाय." दादा त्या दिवशी जेवला नाही. नाका उभा राहिला, आणि त्याच पावसाळ्यात आप्पा तापानं गेले. खूण द्यायची राहिली ती राहिलीच.

चुलतेही पाथरवटच, पण त्यांनी हात वर केले. उस्तादानं दिली नाही ती खूण आम्ही दिली तर मेलेल्या माणसाचा अपमान होईल, असं त्यांचं म्हणणं. असली रीत चुलीत घाला, असं मी म्हणाले, तर आईनं मलाच गप्प बसवलं. दादा मजूरच राहिला. पुढं तर विटा आणि सिमेंट आलं, शाळा असो की कचेरी, घडीव चिरा कुणी मागेना. चुलतेही बसून राहू लागले. दादा सोलापूरच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला.

आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि तिथली हद्दच पुसली गेली. ओस पडलेला नाका पाडला आणि त्याचे दगड खडीसाठी रस्त्याकडेला आणून टाकले.

एके दिवशी मी भाकरी घेऊन गेले, तर दादा हातोडा खाली ठेवून एका चिऱ्यापुढं बसला होता. टवका उडालेला कोपरा मीही ओळखला. म्हणजे आप्पांनी तो टाकला नव्हता, भिंतीत बसवला होता. दादानं तो उलटा केला. मागं चंद्रकोर होती आणि तिच्याखाली टिंब.

"दिली व्हती गं आप्पांनी," दादा म्हणाला. "मला सांगितलंच न्हाय."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त आप्पांचा संताप आला. एक शब्द बोलले असते तर त्यांची जीभ झिजली असती का? आज म्हातारपणीही मी त्यांना हे माफ केलेलं नाही. मी म्हणाले, चल, चुलत्यांना दाखवू.

"दाखवून काय करू? चिरा घडवून घेतंय कोण आता?"

तरी त्यानं खडीवरच्या मुकादमाकडं तेवढा एक दगड मागितला. माल सरकारचा आहे, सगळा ढिगातच पडला पाहिजे, असं मुकादमानं सांगितलं. तो चिरा फोडायला त्यानं दुसऱ्या गड्याला हाक मारली, तेव्हा दादानं त्या गड्याला हातानंच थांबवलं. मग खूण खाली जाईल असा चिरा पालथा घातला आणि स्वतःच घाव घालायला लागला. काळा दगड, लवकर फुटेना. मी भाकरी तशीच धरून उभी होते.

संध्याकाळी ढीग मोजले, तेव्हा त्या चिऱ्याची खडी कोणती हे मलाही सांगता आलं नसतं. मुकादमानं हाक मारली, आणि दादा मजुरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.