कांडीवर गुंडाळलेलं गाणं

आमच्या घरी एक कॅसेट आहे, तिच्यात माझ्या ताईचं गाणं उलटं वाजतं. कोणाला सांगितलं की आधी हसतात, मग म्हणतात, ऐकवा. मी ऐकवत नाही. त्यांना करमणूक हवी असते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पवनीत बाबा हातमागावर लुगडी विणायचे. गावातल्या एका ड्रॉइंग मास्तरांनी ऑर्केस्ट्रा काढला होता. लालभडक इलेक्ट्रिक गिटार स्वतः मास्तर वाजवायचे, शिवाय एक ड्रमसेट, बोंगो, आणि गायला ताई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. भर दिवसा बाजार, गोवाऱ्यांचे नाच, दंडारीची नाटकं, आणि ज्या गावच्या कमिटीला थोडं शहराचं वारं लागलेलं असेल तिथे आमचा ऑर्केस्ट्रा. आमचा म्हणते खरं, पण माझं काम ताईची वेणी घालण्यापुरतंच होतं.

असे कार्यक्रम तेव्हा आठवण म्हणून टिपून ठेवत, असं आता लोकांना वाटतं. कसली आठवण नि काय. मास्तरांना पुढच्या हंगामाचं बुकिंग हवं होतं. लांबच्या कमिटीसमोर अख्खा ऑर्केस्ट्रा नेऊन उभा करणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून अड्याळच्या मंडईला त्यांनी भंडाऱ्याच्या एका फोटो स्टुडिओवाल्याला छोट्या सिने कॅमेऱ्यासकट बोलावलं. त्या कॅमेऱ्यात नुसतं चित्र यायचं. आवाजासाठी वेगळा टेपरेकॉर्डर होता आणि तो सांभाळायला बाबा होते, कारण बाबांसमोर कोणी पोर वळवळत नसे.

मुलीनं स्टेजवर गावं की नाही, याबद्दल बाबांनी कधी नाही म्हटलं नाही, आणि हो तर मुळीच म्हटलं नाही. त्या दिवशी निघताना टोपी झटकत म्हणाले, "मी टेप सांभाळाले जाऊन राहिलो. गाणं ऐकाले नाही." ताई आरशासमोर टिकली लावत होती. तिनं ती काढली आणि पुन्हा लावली.

ती दुपार मला अजून अर्धवट झोपेत दिसते. धानाच्या बांध्यांवरून येणारं ऊन, आकाशपाळण्याची सावली लोकांच्या डोक्यांवरून सरकत जाते आहे, आणि मास्तरांनीच रचलेलं ते गाणं भोंग्यातून निघून तळ्याच्या पाळीपर्यंत जातं आणि उशिरानं परत येतं. ताई जणू स्वतःलाच पुन्हा ऐकत गात होती. मी बाजूच्या कनातीआड उभी होते. मला तिची पाठ दिसत होती, आणि मी घातलेली वेणी.

फिल्म मास्तरांकडे राहिली. कॅसेट तेवढी ऐकायला म्हणून आमच्याकडे आली आणि पहिल्याच खेपेला टेपरेकॉर्डरनं ती गिळली. फीत चुरगळून बाहेर आली, एका जागी तुटली. ताईचा चेहरा पडला. बाबा मात्र शांत होते. ज्याची हयात सुताचा गुंता सोडवण्यात गेली त्याला ही एवढीशी फीत काय. त्यांनी कॅसेटचे स्क्रू काढले, फीत चरख्यावर घेतली, सूत भरतात तशी कांडीवर गुंडाळली, तुटलेली टोकं चिकटवली आणि परत डबीत भरली. काम इतकं सफाईदार की बघत राहावं.

सुताला उलट-सुलट नसतं. फितीला असतं. सुरुवातीलाच कुठेतरी पीळ पडला होता, आणि तिथून पुढे गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजू लागलं, तेही तळ्याच्या पाण्याखालून कोणी गावं तसं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं ती चुरगळलेली फीत पाहिली आणि सांगितलं, आता उघडली तर तुकडे पडतील. बाबांनी कॅसेट कपड्यात बांधून पेटीत ठेवली.

पुढच्या वर्षी ताईला दिघोरीला दिली. मास्तरांची बदली झाली, जाताना ते फिल्मची डबी ताईसाठी आमच्याकडे ठेवून गेले. ऑर्केस्ट्रा संपला. नाहीतरी लवकरच गावात व्हिडिओ आला, त्याच्यापुढे लाल गिटारीचं कौतुक कुठवर टिकणार.

काही वर्षांनी ताई दिवाळीला आली ती मुलीला घेऊन. स्वयंपाकघरात चिवडा भाजता भाजता मला म्हणाली, "मी गात होती, हे तिकडे कोणाले पटत नाही. आता मलेही वाटते, खरंच गात होती का मी? एकदा ऐकाचं आहे मले."

पेटीतली कॅसेट काढली. पाण्याखालचा तो आवाज सुरू झाला. भाची खुदकन हसली. "हा तुझा आवाज नाही, आई." ताईही हसली, पण तिनं लगेच बटण दाबून टेप बंद केला.

मग मीच हट्टानं भंडाऱ्याहून प्रोजेक्टर मागून आणला. भर दुपारी मागाच्या खोलीच्या खिडक्यांना पोती लावली आणि मागावरून नुकतंच उतरवलेलं पांढरं कापड भिंतीवर ताणलं. बाबा मागाच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले. मागावरच्या धोट्याच्या खडखडाटानं एव्हाना त्यांचे कान पार गेले होते.

कापडावर गिटार दिसली. पुन्हा गिटार. मग ड्रमसेट. स्टुडिओवाल्याचा जीव त्या गिटारीवरच जडला असावा. ताई आली ती कडेला, तीही अर्धीच, माईक धरलेला हात आणि लुगड्याचा काठ. चेहरा एकदाही नाही. "राहू दे," म्हणत ती उठली. मला रडूच आलं. एवढा खटाटोप करून मी तिला हेच दाखवलं होतं.

तेवढ्यात कॅमेरा वळला. गर्दी किती जमते हे कमिटीला दाखवायचं होतं ना. पुढेच, भोंग्याखाली, मांडीवर टेपरेकॉर्डर घेतलेले बाबा बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. आधी वाटलं, पोरांना दटावताहेत. पण ते थांबेचनात. ओळ संपली की थांबायचे, पुढची सुरू झाली की सुरू व्हायचे. ते गात होते. अख्खं गाणं त्यांना पाठ होतं.

ताई उभीच राहिली. फिल्म संपली तशी म्हणाली, "पुन्हा लाव." दुसऱ्या खेपेला बाबा दिसले आणि तिनं त्यांच्या ओठांवरचे शब्द उचलले. आवाज आधी खरखरला, मग लागला. गाणं सुरुवातीकडून शेवटाकडे जाऊ लागलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

फिल्म संपून कापड कोरं झालं तरी ती गात होती. बाबांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते कापडाकडे बघतच नव्हते, ताईच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ पुन्हा हलत होते.

भाचीनं तिचा पदर ओढला. "आई," ती म्हणाली, "आबाजीले पूर्ण गाणं येते."